गुणवंतरावांची भाजकी माती

भजनी मंडळाच्या पेटीतला कोमल गंधार अडकला तो श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, आणि नेमका गुणवंतरावांच्या बोटाखाली अडकला. एखादा सरकारी माणूस बदलून तालुक्याला यावा आणि पुन्हा हलूच नये, तसा तो स्वर खाली गेला तो तिथेच राहिला. भाता हलला की बाकीच्या स्वरांचं काहीही असो, हा आपला सुरू. अभंगात हा, गौळणीत हा, आरतीत हा. टाळकऱ्यांनी आधी टाळ मोठ्याने वाजवून पाहिले. शेवटी मंडळातले सर्वांत वडीलधारे कोलूबुवा, ज्यांना एका कानाने ऐकू येत नसे, त्यांनी दुसरा कान पेटीकडे वळवला आणि विचारलं, "गुणवंतराव, हे काय रडून राह्यलं गा?"

गुणवंतराव पाटबंधारे खात्यातले निवृत्त कालवा निरीक्षक. शेतकऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाणी सोडणे आणि शेतकरी हात जोडायला लागले की ते बंद करणे, यात त्यांची सगळी नोकरी गेली. पाणी कुठून निघतं आणि कुठे मुरतं हे आरमोरी तालुक्यात आपल्याइतकं कुणाला कळत नाही, अशी त्यांची समजूत होती. पण ते पेटीत कसं शिरलं, हे काही त्यांना सांगता येईना.

"हवा दमट आहे," ते म्हणाले.

"माह्याकडे स्लॅब आहे," लटारूभाऊ म्हणाले.

लटारूभाऊंची राइस मिल होती आणि त्यांनी नुकतंच स्लॅबचं घर बांधलं होतं. तेव्हापासून बोलणं पावसाचं असो की लग्नाचं, ते स्लॅबवर येऊन थांबत. गुणवंतरावांचं घर कवेलूचं, म्हणजे कौलारू. पावसाळ्यात त्या घरात मीठ वाहे, पापड लवत आणि काडीपेटीतली काडी ओढली तर काडीऐवजी पेटीच झिजे.

"पेटी तुमच्या घरात सादळून राह्यली भाऊ," लटारूभाऊ पुढे म्हणाले. "देवाची वस्तू आहे. कोरड्या घरी राह्यली पायजे."

त्याच बैठकीत ठरलं की कानोबापर्यंत वाट पाहायची. आमच्या भागात गोकुळाष्टमीला मातीचा कृष्ण बसवतात, त्याला कानोबा म्हणतात. मंडळाचा कानोबा मारुतीच्या देवळात बसे आणि त्याच्यापुढे सारं गाव भजनाला लोटे. त्या दिवशी पेटी नीट वाजली तर ती गुणवंतरावांकडे राहील. रडली, तर दुसऱ्या दिवशी लटारूभाऊंच्या स्लॅबखाली जाईल.

ज्यांच्याकडे निवृत्त झाल्यावर काही उरलेलं नसतं, त्यांनाच या निर्णयाचं वजन कळेल. गुणवंतरावांची जीप गेली होती, शिपाई गेला होता, कालव्याच्या दाराची किल्ली गेली होती. उरली होती ती पेटी. बाहेरच्या खोलीत स्टुलावर, विणलेल्या रुमालाखाली ती असे. सकाळी तिला पुसणे हे त्यांचं ऑफिस. बाजारात कुणी "पेटीवाले गुणवंतराव" म्हणालं की ते तंबाखूचं तोंड पुसून मगच वळून पाहत.

आता पेटी बिघडली की माणूस ती खोलून पाहील. पण इथे मंडळाचा एक जुना ठराव आडवा येत होता. पूर्वीच्या एका पेटीवाल्याने मोठ्या उत्साहाने ती खोलली होती आणि परत जोडल्यावर त्याच्या हातात दोन स्क्रू आणि एक पत्ती शिल्लक राहिली होती. ती पत्ती कुठली, यावर वर्षभर मतभेद चालले. तेव्हा ठरलं की पेटी खोलेल तर नागपूरचा कारागीरच. गावातल्या कुणी तिला स्क्रू-पाना लावला तर पेटी त्याच्याकडून त्याच दिवशी काढून घ्यायची. नागपूरच्या कारागिराला फोन केला, तर तो म्हणाला की पावसाळ्यात मी कुणाच्याच पेटीला हात लावत नाही, दिवाळीनंतर आणा.

गुणवंतराव छत्री घेऊन बस स्टँडजवळच्या नवाबभाईंच्या दुकानात गेले. नवाबभाई टीव्ही, रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्त करत. त्यांच्या दुकानात उघडे पडलेले टीव्ही दवाखान्यातल्या रोग्यांसारखे ओळीने बसलेले असत आणि नवाबभाई प्रत्येकाची विचारपूस करत हिंडत. एखाद्या परक्या माणसाच्या पेटीला ओल लागली आहे असं गुणवंतरावांनी सांगितलं. गावात पेटी एकच होती. नवाबभाईंनी तो परका माणूस कोण, हे विचारलं नाही.

त्यांनी मागच्या फळीवरून सहा पुड्या काढल्या. तळहाताएवढ्या, राखी रंगाच्या, जाड कागदी कापडाच्या. मोठमोठ्या यंत्रांच्या खोक्यांत यंत्र गंजू नये म्हणून त्या येतात आणि खोकं भंगारात गेलं की त्याही जातात, असं त्यांनी सांगितलं. प्रत्येकीवर इंग्रजीत छापलं होतं की हे खाऊ नये.

"आत काय आहे?"

"मिट्टी."

"माती तर माह्या अंगनातही आहे, नवाबभाई."

"तुमच्या अंगनातली पिऊन बसली आहे भाऊ. हे उपाशी आहे." नवाबभाईंनी एक पुडी कानाशी हलवली. आत मुगाएवढे खडे खुळखुळले. "बंद जागेत ठेवा. आतली सारी ओल पिऊन टाकते. पोट भरलं का थांबते. मंग भाजायची. भाजली का पुन्हा उपाशी. जिंदगीभर चालते. फक्त आच मंद ठेवा. जास्त भाजली तर तिची तहानच मरते, वीट होऊन बसते."

पाण्याशी इतकी वर्षं घालवूनही पाणी पिऊन पोट भरणारी आणि भाजल्यावर पुन्हा भूक लागणारी माती गुणवंतरावांनी पाहिली नव्हती. पण नवाबभाईंच्या हातून दगड झालेले रेडिओ बोलले होते, त्यामुळे त्यांनी विश्वास ठेवला.

दुपारी गुणाबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, शेजारी गेल्याची खात्री करून त्यांनी दार लावलं, पेटीला नमस्कार केला आणि मागची फळी खोलली. सहाही पुड्या आत ठेवल्या. फळी बसवली. हातात एकही स्क्रू उरला नाही, हे त्यांनी हात उलटेपालटे करून तीनदा पाहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी, कुणी हात न लावता, कोमल गंधार टक् करून वर आला.

गुणवंतरावांना इतका आनंद झाला की तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, आणि सांगितलं तर पेटी जाणार. ते अंगणात गेले आणि पेरूच्या झाडाला म्हणाले, "जमलं."

मग पावसाची झड लागली. आठ दिवस सूर्य दिसला नाही. पेटी पुन्हा कुरकुरू लागली. गुणवंतरावांनी गुपचूप पुड्या काढून पाहिल्या तर त्या जेवून उठलेल्या पाहुण्यांसारख्या जड आणि सुस्त झाल्या होत्या. त्यांना पुन्हा उपाशी करणं भाग होतं.

उन्हात वाळवायच्या तर ऊन नव्हतं. गुणवंतरावांनी सल्ला घ्यायचं ठरवलं, पण सल्ला कशासाठी ते न सांगता. ही पद्धत सरकारी खात्यात चालते, गल्लीत चालत नाही. "समजा, एखाद्याकडे थोडी माती आहे, अन् तिले वाळवायची आहे," अशी सुरुवात ते करत आणि समोरचा माणूस त्यांच्याकडे काळजीने पाहू लागे. इस्त्रीवाल्या पोचूने सांगितलं की फडक्यात बांधून वरून इस्त्री फिरवा. त्याच्याच टेबलावर ते करून पाहिलं, तर पुडीतली वाफ कुणा गुरुजींच्या पांढऱ्या पायजम्यात शिरली आणि पायजम्यावर गोल राखी ठसा उठला. पोचू म्हणाला, "भाऊ, आता हे धंद्याचं नाई राह्यलं." निवृत्त मुख्याध्यापकांनी कुकर सुचवला. "दाब अन् उष्णता, गुणवंतराव. शास्त्र आहे." गुणवंतरावांनी शास्त्राप्रमाणे कुकरात पाणी घातलं, भांड्यात पुड्या ठेवल्या आणि शिट्ट्या होऊ दिल्या. झाकण उघडलं तेव्हा पुड्या पुरणपोळ्यांसारख्या मऊ आणि टम्म फुगल्या होत्या. वाळवायला ठेवलेली वस्तू वाफेवर ठेवली, हे त्यांच्या ध्यानात आलं तोवर गुणाबाई मागे येऊन उभी होती.

"हे काय शिजवून राह्यले?"

"माती."

गुणाबाईने कुकरात डोकावून पाहिलं. तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात तिने पुष्कळ ऐकलं होतं. "भातात घालता का वरनात?" एवढंच विचारून ती बाहेर गेली.

शेवटी तिला सांगावं लागलं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली की पेटीसाठी करता तर करा, पण माह्या तव्याले हात लावू नका. गुणवंतरावांनी तव्याला हात लावला नाही, सांडशीने उचलला. आधी अख्ख्या पुड्या भाजल्या. त्यांचं कापड जळून तव्याला चिकटलं आणि असा धूर झाला की कवेलूतून निघताना तो गल्लीला लांबून दिसला. मग पुड्या कापून खडे मोकळे काढले आणि मंद आचेवर, लाकडी उलथन्याने हलवत भाजले. भाजता भाजता वास सुटला. कोरडा, खमंग, तोंडाला पाणी सुटावं असा.

इथे एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे, कारण ती गुणवंतरावांच्या कधी डोक्यातच आली नव्हती. आमच्याकडे बाईला दिवस गेले की तिला भाजलेली माती खावीशी वाटते. सगळ्याच जणींना नाही, पण बऱ्याच जणींना. आठवडी बाजारात एखादी म्हातारी टोपलीत भाजक्या मातीचे तुकडे घेऊन बसलेली असते. ती काय विकते हे पुरुष विचारत नाहीत आणि बायका सांगत नाहीत. जिला बाजारात जायची लाज वाटते ती घरीच तव्यावर भाजते. त्यामुळे गल्लीत भात करपला तर भात करपला असतो, पण माती भाजल्याचा वास आला तर त्याचा अर्थ एकच असतो.

गुणवंतरावांच्या आणि शेजारच्या धुरपताबाईंच्या घरांमध्ये एक कुडाची भिंत होती. धुरपताबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी वास घेतला. मग भिंतीपलीकडच्या घरात कोण कोण आहे याचा विचार केला. मुलगा हेमराज एटापल्लीला मास्तर, सूनही तिकडेच. घरात गुणवंतराव आणि पन्नाशी ओलांडलेली गुणाबाई.

"अवं माय," धुरपताबाई सुपाला म्हणाल्या.

तरी त्या घाईने निष्कर्ष काढणाऱ्या बाई नव्हत्या. त्यांनी भिंतीच्या फटीतून पाहिलं. आत गुणवंतराव चष्मा लावून, मांडी घालून, गुणाबाईच्या जुन्या फुलाफुलांच्या पोलक्याच्या लहान लहान पिशव्या शिवत होते. खडे भरायला नवीन पुड्या लागणार होत्या, म्हणून. पण तळहाताएवढी, मऊ, आत बारीक दाणे भरलेली पिशवी फटीतून पाहिली तर कशी दिसते? नवजात पोराच्या डोक्याखाली मोहरीची उशी ठेवतात, तशी दिसते. आणि ती नवरा स्वतः शिवतो आहे.

दुसऱ्या दिवशी हातपंपावर गुणाबाई भेटली. धुरपताबाईंनी सहज विचारलं, "काऊन वं बाई, तोंड उतरलं?"

"काय सांगू धुरपता," गुणाबाई म्हणाली. "त्या तव्यापाशी गेली का मले मळमळते."

हे खरं होतं. जळक्या कापडाचा वास तव्याला असा बसला होता की भाकर टाकली की तिला उमासा येई. धुरपताबाईंनी तिच्या हातातली भरलेली बादली काढून घेतली आणि स्वतः उचलून तिच्या दारात नेऊन ठेवली.

त्या दिवसापासून गुणवंतरावांभोवतीचं जग बदललं आणि का बदललं हे त्यांना कळेना.

सकाळी सुलतानाभाभींनी, म्हणजे नवाबभाईंच्या पत्नीने, कैरीच्या लोणच्याची बरणी पाठवली. दुपारी धुरपताबाईंकडून चिंच आली. संध्याकाळी आणखी कुणाची तरी आंबाडीची भाजी. गुणवंतरावांनी तीनही आंबट पदार्थ ओळीने मांडून पाहिले आणि गावात यंदा साखरेची टंचाई आहे असा अंदाज बांधला. चहाच्या टपरीवर ते पोचले की बोलणं बंद पडे. एक तरुण माणूस, ज्याची त्यांच्याशी ओळखही नव्हती, उठून त्यांना बाकावर जागा देऊन गेला आणि जाताना त्यांच्याकडे असं पाहून गेला जसं माणूस किल्ल्याकडे पाहतो. न्हाव्याने दाढी करता करता एकाएकी विचारलं, "भाऊ, सकाळी काय खाता?"

"पोहे," गुणवंतराव म्हणाले.

न्हाव्याने ते लक्षात ठेवल्यासारखी मान हलवली.

नंतर लटारूभाऊ स्वतः घरी आले. गुणाबाईने चहा आणला तर ते उठून उभे राहिले. "तुमी कायले त्रास घेतला बाई. बसा, बसा." ती आत गेल्यावर ते खालच्या आवाजात म्हणाले, "गुणवंतराव, आता पेटीचं ओझं कायले? घरात सकाळ-संध्याकाळ आवाज. अशा वक्ती शांतता पायजे."

"कशा वक्ती?"

"सारं गाव जानते भाऊ. लपवून काय उपयोग?"

गुणवंतरावांनी पेटीवरचा रुमाल ओढून नीट केला. कुणीतरी पेटी खोलताना पाहिलं! त्यांच्या डोळ्यांपुढे ठराव उभा राहिला. "कोनं पाह्यलं?" त्यांनी विचारलं.

"पाहाले कोन जाते?" लटारूभाऊ दचकून म्हणाले. त्यांनी चहा तसाच ठेवला आणि छत्री विसरून भिजत गेले.

त्या दिवसापासून गुणवंतरावांची झोप उडाली. सगळ्या गावाला पेटी खोलल्याचं माहीत आहे, तर कुणी रागवत का नाही? उलट लोणचं का पाठवतात? पेटी खोलण्याचा आणि लोणच्याचा संबंध काय? त्यांनी गुणाबाईला विचारलं. ती म्हणाली, "मले का मालूम? पन लोनचं चांगलं आहे."

कानोबाच्या आदल्या दिवशी दुपारी एटापल्लीहून हेमराज आला. सुट्टी नव्हती, चिठ्ठी नव्हती. एस.टी.तून उतरला तो चिखलाच्या पायांनीच घरात आला, आणि आईकडे पाहावं की नको हे न कळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत उभा राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "मी आयकलं ते खरं आहे का?"

"तुले कोनं सांगतलं?" गुणवंतराव हादरले. पेटीची बातमी एटापल्लीपर्यंत गेली?

"कंडक्टरनं सांगतलं. आमच्या शाळेत माहीत आहे. हेडमास्तरनं मले बोलावून विचारलं का रजा पायजे का म्हणून. मले तोंड दाखवाले जागा राह्यली नाई, बाबा. दिव्यानी तर दोन दिवसांपासून हसूनच राह्यली."

दिव्यानी म्हणजे सून. गुणवंतराव चिडले. "हसाले काय झालं तिले? मी काय चोरी केली? फळी खोलली अन् माती घातली आत. एवढंच ना?"

आता हेमराज कॅलेंडरवरून वळला. "कायची फळी?"

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग हेमराजने, शब्दाशब्दाला अडखळत, कान लाल करून, गल्लीत, गावात आणि एस.टी.त काय बोललं जातं ते सांगितलं. माती भाजल्याचा वास, मोहरीची उशी, हातपंपावरची मळमळ. गुणवंतराव खुर्चीवर बसले. लोणचं, चिंच, आंबाडी, बाकावरची जागा, न्हावी आणि पोहे अशी सगळी कोडी एकाच वेळी सुटली आणि त्यांना वाटलं की ती सुटली नसती तर बरं झालं असतं.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. गुणाबाई दारात आली.

"जा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता देवळात जा, अन् साऱ्याइले सांगा का माती तुमी भाजली. पेटीसाठी भाजली."

"सांगतो ना," गुणवंतराव म्हणाले. "कानोबा होऊ दे."

"काऊन?"

काऊन ते तिलाही माहीत होतं. माती कशासाठी हे सांगायचं तर पेटी खोलली हे सांगावं लागणार, आणि पेटी खोलली हे सांगितलं की ती स्लॅबखाली जाणार. न सांगावं, तर पन्नाशीतल्या बायकोला गावभर तोंड लपवत फिरायला लावायचं. गुणवंतरावांनी नोकरीत दोन गावांच्या पाण्याची भांडणं सोडवली होती. दोन्ही गावांना अर्धं अर्धं पाणी देऊन दोघांनाही नाराज करायचं, ही त्यांची रीत. इथे अर्धं सांगता येत नव्हतं.

"एक दिवस," ते म्हणाले.

गुणाबाईने लोणच्याची बरणी उचलून आत नेली, आणि हेमराज पहिल्या बसने परत गेला.

कानोबाच्या दिवशी दिवेलागणीला देऊळ गच्च भरलं. पाटावर मातीचा कृष्ण, पानाफुलांत बसलेला. एका बाजूला पुरुष, दुसरीकडे बायका. गुणाबाई आत आली तशा बायका सरकल्या आणि तिला भिंतीशी टेकायला जागा मिळाली. कुणीतरी पाठीशी उशीही दिली. ती ताठ बसली. उशीला टेकली नाही.

गुणवंतरावांनी पेटी पुढे ओढली, रुमाल काढला आणि भाता हलवला.

पेटी गायली. नुकती भाजलेली, कडकडीत उपाशी माती पोटात घेऊन ती अशी स्वच्छ गायली की कोलूबुवांनी ऐकू येणारा कान सोडून दुसराही तिच्याकडे वळवला. कोमल गंधार येत होता आणि जात होता, अगदी सांगितल्या कामाचा. शेजारी टाळ घेऊन बसलेल्या लटारूभाऊंचं तोंड हळूहळू पडत गेलं. गुणवंतरावांच्या मनातली सगळी जळमटं गेली. पेटी राहणार.

मग गौळण आली ती कृष्णाने माती खाल्ली त्या प्रसंगाची. यशोदा म्हणते तोंड उघड, कृष्ण म्हणतो मी नाही खाल्ली. चाल द्रुत होती. मंडळ रंगलं. गुणवंतरावांनी भाता जोरात हाणला.

सारं आयुष्य कालव्याची गळती शोधण्यात गेलेल्या माणसाने शिवणीतली गळती तपासली नव्हती. पोलकं जुनं होतं. भात्याच्या तिसऱ्या-चौथ्या झटक्याला आतली शिवण उसवली, आणि पेटीच्या मागच्या जाळीतून राखी धूळ भसकन बाहेर आली. पाठोपाठ खडे. ते टपटप लटारूभाऊंच्या पांढऱ्या धोतरावर पडले.

टाळ थांबले. मृदंग आणखी दोन मात्रा वाजून मग थांबला.

कोलूबुवांनी एक खडा उचलला, दिव्यापुढे धरला, हुंगला. "माती आहे," ते म्हणाले. "भाजकी."

लटारूभाऊ उठले. धोतर झटकावं की पुरावा म्हणून तसंच ठेवावं याचा त्यांनी क्षणभर विचार केला. "पेटीत माती कशी गेली? कोनं खोलली पेटी? ठराव आहे मंडळाचा. गुणवंतराव, सांगा."

गुणवंतरावांनी पेटीकडे पाहिलं. मग समोर पाहिलं, बायकांमध्ये ताठ बसलेल्या गुणाबाईकडे. तोंडाला कोरड पडली होती, जणू काही खडे त्यांनीच गिळले होते. ते उठले. "मी…" ते म्हणाले.

"त्या बिचाऱ्या मानसाले कायले इचारता जी?" बायकांच्या बाजूने धुरपताबाई कडाडल्या. "त्याले का मालूम? हे बायामानसांचं काम आहे. लाज वाटते कोनाले दाखवाची. घरात लपवून ठेवाले दुसरी जागा तरी कुठी आहे? ठेवली पेटीत!"

बायकांच्या बाजूने एक मोठा हुंकार उठला. हो, तेच तर. किती हाल काढले बाईने. आणि आज नेमकी कानोबापुढे, नेमकी माती खाल्ल्याच्या गौळणीत बाहेर यावी, याचा अर्थ ते देवालाही माहीत होतं. जो खुलासा गुणाबाईला मोकळं करणार होता, तोच पुरावा होऊन तिच्या समोर पसरला.

"पन पेटी खोलली तर…" लटारूभाऊ म्हणाले.

"दिवस गेलेल्या बाईले ठराव लागत नाई!" धुरपताबाई म्हणाल्या, आणि लटारूभाऊंनी टाळ पुन्हा हातात घेतले.

"आयका तर," गुणवंतराव घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ते तसं नाई. मी सांगतो. मीच…"

गुणाबाई उठली.

ती पुरुषांच्या बाजूला आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग पेटीकडे. पेटी गेली तर हा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरात काय करेल, असा काहीतरी विचार तिच्या मनात आला असावा. घरून काही ठरवून ती थोडीच आली होती. ती खाली वाकली, लटारूभाऊंच्या पायापाशी पडलेला एक खडा उचलला, तोंडात टाकला आणि कटकन चावला.

"झालं?" ती म्हणाली. "भजन करा आता."

भजन झालं. फार रंगलं असं म्हणतात. गुणवंतरावांनी ते वाजवलं, पण त्यांना त्यातलं काही आठवत नाही.

पेटीचा प्रश्न नंतर कुणी काढलाच नाही. अशा घरातून देवाची वस्तू हलवणं बरं नाही, असं कोलूबुवांनी सांगितलं आणि लटारूभाऊंनी जुन्या तांदळाचं एक चुंगडं, म्हणजे पोतं, पाठवून दिलं. पेटी आता गुणवंतरावांकडे कायमची राहिली. बाईची माती पेटीतच ठेवायला आणि तिच्यासाठी नवीन पुड्या शिवायलाही मंडळाने परवानगी दिली. माती फक्त खाली सांडू नये एवढी अट घातली.

पण गल्लीने गुणाबाईला पाण्याचं भांडं उचलू द्यायचं नाही असं एकमताने ठरवलं होतं. ती हातपंपाकडे निघाली की धुरपताबाई तिला घरी परत पाठवत. त्यामुळे पेटीवाले गुणवंतराव रोज सकाळी पेटी पुसायच्या आधी दोन बादल्या घेऊन पंपावर जात. बायका त्यांना रांगेत पुढे घेत. "येऊ द्या गा, भाऊले येऊ द्या," म्हणत. ते पंप मारत, बादल्या भरत, आणि आयुष्यभर पाण्याला वाट दाखवलेला माणूस पाणी सांडत घरी येई.

असेच एकदा ते बादल्या घेऊन आले. गुणाबाई पाटावर बसली होती. कुणीतरी पाठवलेल्या खाऱ्या आवळ्याची फोड तिच्या गालात होती आणि डोळे मिटून ती चोखत होती. चेहरा भरल्यासारखा दिसत होता. गुणवंतरावांनी बादल्या खाली ठेवल्या. दाराबाहेर कुणी नाही हे पाहिलं. इतक्या दिवसांत इतक्या लोकांनी, इतक्या खात्रीने, इतक्या वेळा सांगितलं होतं की आता काय खरं आणि काय नाही, हे त्यांनाच सांगता येत नव्हतं.

ते तिच्याजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, "आयक ना. खरंच काही नाई ना?"

गुणाबाईने एक डोळा उघडला. बादल्यांकडे पाहिलं.

"एवढंच पानी आनलं?" ती म्हणाली.